अंड्याची वाट: रक्तात राहणारे कृमी आणि आपली प्रतिकारशक्ती



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सारी प्रॅक्टिस शेतात आणि पाण्यात राबणाऱ्या माणसांमध्ये झाली. म्हणून आज अशा एका आजाराविषयी बोलायचे ठरवले, जो नुसते पाण्यात पाय बुडवल्याने होतो. भाताची लावणी करणे, गुरे धुणे, कपडे धुणे, उन्हाच्या वेळी मुलांनी डुंबणे, एवढ्यावरून माणसाच्या शिरांमध्ये सेंटिमीटरभर लांबीचे कृमी येऊन राहतात. ते पाच-सात वर्षे सहज जगतात, आणि काही रोग्यांत तीस वर्षांहूनही अधिक काळ टिकल्याच्या नोंदी आहेत. शिस्टोसोमा हे त्यांचे नाव. आजार शिस्टोसोमियासिस, जुन्या पुस्तकांत बिल्हार्झिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ मध्ये पंचवीस कोटींहून अधिक लोकांना यावरच्या प्रतिबंधक उपचाराची गरज होती, आणि त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आफ्रिकेतले होते.

पर्णाभ कृमींच्या मोठ्या कुळातला हा एक. त्याचे भाऊबंद यकृताच्या नळ्यांत, आतड्यांत, फुप्फुसांत राहतात. याने मात्र थेट रक्त निवडले. रक्त म्हणजे प्रतिपिंडांचा आणि पांढऱ्या पेशींचा अखंड वावर असलेली जागा. एखादा जिवाणू तिथे शिरला तर काही तासांत शरीर तापाने फणफणते. आणि हा डोळ्यांना दिसेल एवढा प्राणी तिथे वर्षानुवर्षे तांबड्या पेशी खात राहतो, ते कसे? पाठ्यपुस्तके सांगतात की तो प्रतिकारशक्तीला चुकवतो. ते खरे आहे, पण अर्धेच. गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनातून पुढे आलेली दुसरी बाजू मला आज मांडायची आहे. हा कृमी आपल्या प्रतिकारशक्तीवर विसंबून जगतो. तिच्याशिवाय त्याची अंडी शरीराबाहेरसुद्धा नीट पडू शकत नाहीत.

सुरुवात कैरोत झाली. थिओडोर बिल्हार्झ हा तरुण जर्मन डॉक्टर १८५१ मध्ये तिथल्या कस्र-अल-ऐनी रुग्णालयात शवविच्छेदन करत होता. आतड्यांतले रक्त यकृताकडे नेणाऱ्या शिरेत त्याला पांढरे, लांबट कृमी सापडले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळले की प्रत्येक रुंद कृमीच्या पोटाकडच्या पन्हळीत एक बारीक, त्याहून लांब कृमी आहे. रुंद तो नर, बारीक ती मादी. एकदा जोडी जमली की सहसा ती आयुष्यभर तशीच राहते. नराची मिठी मिळाली नाही तर मादी खुरटी राहते, तिचे अंडाशय पिकतच नाही. नर तयार करत असलेला एक अगदी छोटा रेणू मादीला पक्व होण्याची खूण देतो, हे २०२२ मध्ये सिद्ध झाले. बिल्हार्झ १८६२ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, कैरोतच वारला. आजार मात्र त्याच्यापेक्षा फार जुना. मार्क आर्मांड रफर यांना १९१० मध्ये विसाव्या राजवंशातल्या दोन ममींच्या मूत्रपिंडांत याच कृमीची चुना चढलेली अंडी मिळाली. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी नाईलच्या काठावर माणसांच्या लघवीतून रक्त जातच होते.

माणसाला त्रास देणाऱ्या मुख्य जाती तीन. शिस्टोसोमा हिमॅटोबियम मूत्राशयाभोवतीच्या शिरांत राहतो, म्हणून लघवीत रक्त. मॅन्सोनाय आणि जपॉनिकम आतड्यांच्या शिरांत राहतात, म्हणून शौचात रक्त आणि पुढे यकृताचा बिघाड. मॅन्सोनायची एक मादी दिवसाला शे-दोनशे ते तीनशे अंडी घालते, जपॉनिकमची त्याच्या कित्येक पट.

अंडे लघवीतून किंवा शौचातून गोड्या पाण्यात पडले की फुटते. आतून निघणारी, केसाळ अंगाने पोहणारी मिरॅसिडियम ही अळी जेमतेम काही तास जगते. तेवढ्यात तिला एका ठरावीक जातीची गोगलगाय सापडलीच पाहिजे. गोगलगायीच्या अंगात ती एकीच्या हजारो होते, आणि महिनाभराने त्यातून दुभंगलेल्या शेपटीच्या सर्केरिया नावाच्या अळ्या पाण्यात सुटतात. एका मिरॅसिडियमपासून झालेल्या साऱ्या अळ्या एकाच लिंगाच्या असतात. या माहितीचा उपयोग पुढे सांगेन.

गोगलगायीचा हा दुवा सापडायला बिल्हार्झनंतर साठ वर्षे लागली. इजिप्तमधले थोर कृमितज्ज्ञ आर्थर लूस यांनी अंकुशकृमी कातडीतून शिरतो हे सिद्ध केले होते. त्याच धर्तीवर मिरॅसिडियम सरळ माणसात शिरते असे त्यांचे ठाम मत होते, आणि त्यांच्या अधिकारापुढे बरेच जण गप्प राहिले. उत्तर आले ते जपानमधून. तिथल्या हिरोशिमा भागात कातायामा टेकडीच्या पायथ्याच्या शेतांत उतरले की पायांना पुरळ येते, मग हगवण, मग हातपाय काड्या आणि पोट नगारा. घोड्या-बैलांनाही तेच होते, असे फुजिई नावाच्या गावच्या वैद्याने १८४७ मध्येच लिहून ठेवले होते. कोफू खोऱ्यातल्या सुगियामा नाका या शेतकरी बाईने १८९७ मध्ये मरण्यापूर्वी डॉक्टरांना सांगितले की माझे शरीर फाडून पाहा आणि या आजाराचे मूळ शोधा. ज्या काळी तिकडच्या खेड्यांत शवविच्छेदनाची कल्पनाही सहन होत नसे, त्या काळची ही गोष्ट. तिच्या यकृतात कोणालाच ओळखू न येणारी अंडी निघाली. या संशोधनाच्या इतिहासात मी तिचे नाव प्राध्यापकांच्या बरोबरीने घेतो. पुढे कात्सुरादांनी १९०४ मध्ये त्याच खोऱ्यातल्या एका मांजरीच्या शरीरातून कृमी काढला, आणि १९१३ मध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी क्युशूमध्ये ती चिमुकली गोगलगाय शोधली. दोन वर्षांनी रॉबर्ट लायपर यांनी इजिप्तमध्ये तोच दुवा दाखवला आणि लूस यांचे मत मागे पडले. कोफूच्या खोऱ्यातल्या यामानाशी प्रांताने गोगलगायी मारत, शेतांचे पाट सिमेंटने बांधत, १९९६ मध्ये आपल्याकडचा हा आजार संपल्याचे जाहीर केले.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो, कारण हा विषय आपल्याला परका नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा हाच आजार स्थानिक पाण्यातून होतो, असे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. भारतात त्याआधी तुरळक रोगी सापडत, पण बहुतेकांच्या बाबतीत तो आफ्रिकेहून किंवा अरबस्तानातून आणलेला मानला जाई. पुढच्या कामात त्यांनी गोगलगायही दाखवली, फेरिसिया टेन्युइस, शिंपलीसारख्या चपट्या टोपीची आणि काही मिलिमीटरचीच. आफ्रिकेत हिमॅटोबियम ज्या बुलिनस गोगलगायीवर जगतो, ती कोकणात नाही. सगळा पसारा एका कोपऱ्यातल्या पाणवठ्यांपुरता राहिला याचे मोठे कारण मला गोगलगायीतच दिसते. हा कृमी माणसाच्या बाबतीत उदार आहे, गोगलगायीच्या बाबतीत अत्यंत हट्टी. देशात इतरत्र भातखाचरांत उतरणाऱ्यांच्या पायांना जी खाज सुटते, तिच्यामागे पुष्कळदा गुरांच्या शिस्टोसोमाच्या अळ्या असतात. त्या माणसाच्या कातडीत शिरतात, पण तिथेच मरतात.

मग माणसाच्या शिस्टोसोमाची अळी का मरत नाही?

ऊन चढले की सर्केरिया गोगलगायीतून बाहेर पडतात. कातडीवरच्या स्निग्ध अंशाचा सुगावा लागताच त्या चिकटतात, आणि डोक्याकडच्या ग्रंथींतून प्रथिने विरघळवणारे पाचक रस सोडत काही मिनिटांत आत घुसतात. शेपूट बाहेरच गळते. पुढच्या काही तासांत अळी आपले सगळे बाह्यावरण टाकून नवे चढवते. गोड्या पाण्यात जगणारा जीव खाऱ्या रक्तात जगू लागतो, आणि हे नवे आवरण एकावर एक अशा दुहेरी पटलाचे असते. नंतर ती फुप्फुसांतून वाट काढत यकृतापाशी येते, वाढते आणि जोडीदार शोधते. पाण्यात पाय बुडल्यापासून पहिल्या अंड्यापर्यंत साधारण पाच-सहा आठवडे जातात.

या आवरणाविषयीचा एक प्रयोग मला जीवशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी वाटतो. लंडनजवळच्या मिल हिल इथल्या संस्थेत स्मिथर्स आणि टेरी यांनी उंदरांत वाढलेले प्रौढ कृमी काढून माकडांच्या शिरांत सोडले. काही दिवस कृमी गडबडले, पण रुळले. मग त्यांनी दुसऱ्या माकडांना आधी उंदराच्या तांबड्या पेशी टोचल्या, म्हणजे त्यांच्या रक्तात उंदराविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, आणि तसलेच कृमी त्यांच्यात सोडले. या माकडांत कृमी झपाट्याने नष्ट झाले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा अर्थ उघड होता. उंदरात राहिलेला कृमी अंगावर उंदराचेच रेणू वागवत होता. माणसात राहिलेला कृमी आपल्या रक्तगटाची चिन्हेसुद्धा अंगावर घेतो, हेही पुढे दिसले. शरीर त्याच्याकडे पाहते तेव्हा त्याला स्वतःचाच अंश दिसतो.

त्याच दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या माकडात प्रौढ कृमी आधीच नांदत आहेत, त्याच्यात नव्याने शिरणाऱ्या अळ्या मारल्या जातात. जुने कृमी सुखरूप राहतात आणि नव्यांना दार बंद होते. म्हणजे प्रतिकारशक्ती जागी असते, काम करत असते, आणि तिच्या कामाचा फायदा आत बसलेल्यालाही होतो, कारण फार गर्दी झाली तर यजमान मरेल आणि त्याच्याबरोबर सगळेच जातील.

इथपर्यंत चुकवण्याची गोष्ट झाली. आता अंड्याची.

मादी अंडे रक्तवाहिनीच्या आत घालते. ते पाण्यात पोचायचे तर आधी शिरेची भिंत, मग आतड्याचा किंवा मूत्राशयाचा थर ओलांडायला हवा. अंड्याला हातपाय नाहीत, स्नायू नाहीत. आतला गर्भ कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून प्रथिने सोडतो. त्यांतले ओमेगा-१ हे प्रथिन रोगप्रतिकार यंत्रणेच्या पेशींचा कल बदलून टाकते. संसर्गाच्या पहिल्या आठवड्यांत शरीर जंतूंशी लढण्याच्या तीव्र पद्धतीने वागत असते. ज्या प्रवाशाला किंवा पाहुण्याला हा संसर्ग पहिल्यांदाच झाला आहे, त्याला याच काळात कातायामा ताप येतो. अंडी पडू लागली की पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून टी-पेशींचा सूर पालटतो. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जमतात, आयजीई हे प्रतिपिंड वाढते, जखम भरून काढणारी, तंतू विणणारी यंत्रणा पुढे येते. प्रत्येक अंड्याभोवती पेशींचा वेढा पडून एक गाठ तयार होते, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आजूबाजूच्या ऊतींना अंड्याच्या विषारी स्रावांपासून ती वाचवते. आणि तीच गाठ पेशींच्या हालचालींबरोबर अंड्याला सरकवत आतड्याच्या पोकळीपर्यंत नेते.

हे अनुमान नाही. टी-पेशी नसलेल्या उंदरांना संसर्ग दिला तर त्यांच्या विष्ठेतून अंडी फारच कमी पडतात. आणि माणसांत तेच दिसले ते केनियातल्या किसुमूला. तिथे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर गुडघाभर पाण्यात उभे राहून गाड्या धुणारी तरुण मंडळी आहेत. दिवसभर पाण्यात, म्हणून जवळपास सगळ्यांना मॅन्सोनायचा संसर्ग. त्यांतल्या काहींना एचआयव्हीही होता. डायाना करांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नोंदवले की एचआयव्ही असलेल्यांच्या रक्तात कृमींचा अंश इतरांइतकाच आढळतो, पण शौचातून पडणारी अंडी कमी असतात, आणि त्यांच्या सीडी-फोर पेशी, म्हणजे टी-पेशींचाच एक प्रकार, जितक्या कमी तितकी अंडीही कमी. प्रतिकारशक्ती ढासळली आणि अंड्याची वाट बंद झाली. उंदरांतल्या प्रयोगांत याहून पुढची गोष्ट दिसली: या पेशी नसतील तर कृमींची वाढसुद्धा खुंटते. आपण ज्यांना पहारेकरी समजतो, त्यांच्याकडून हा कृमी वयात येण्याची खूण घेतो. प्रतिकारशक्तीबद्दल लढाईच्याच भाषेत बोलायची आपल्याला सवय आहे. या निरीक्षणापुढे ती भाषा मला अपुरी वाटते.

घातलेल्या अंड्यांपैकी साधारण निम्मी बाहेर पडतच नाहीत. मॅन्सोनाय आणि जपॉनिकमची अंडी रक्ताबरोबर यकृतात जाऊन अडकतात, हिमॅटोबियमची मूत्राशयाच्या भिंतीत. अडकलेले अंडे तीनेक आठवड्यांत मरते, त्याभोवतीची गाठ मात्र तंतुमय होऊन उरते. पाच वर्षे, दहा वर्षे हे साचत गेले की यकृतातल्या शिरांभोवती टणक पांढऱ्या नळ्या तयार होतात. सिमर्स यांनी १९०४ मध्ये कैरोत कापलेले यकृत पाहून तंबाखूच्या मातीच्या पाइपांची उपमा दिली, ती आजही वापरात आहे. रक्ताला यकृतातून जायला वाट उरत नाही, पानथरी वाढते, जलोदर होतो, अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते आणि माणूस दगावतो. हिमॅटोबियममध्ये मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो. कृमी स्वतः यातले फारसे काही करत नाही. रोग होतो तो अंड्याला शरीराने दिलेल्या उत्तरातून.

या उत्तराचे नियमन शरीर करते, म्हणूनच बहुतेक लोक मरत नाहीत. स्थानिक लोकांत काळाबरोबर गाठी लहान होत जातात. प्रौढांना पुन्हा संसर्ग होण्याचे प्रमाणही मुलांहून कमी असते. ते केवळ पाण्यात कमी उतरतात म्हणून असे होते, असे पूर्वी वाटे. पण हेगन यांच्या गांबियातल्या अभ्यासात, १९९१ मध्ये, उपचारानंतर पुन्हा संसर्ग होऊ न देण्याशी आयजीई जोडलेली दिसली, आणि आयजीजी-फोर हे दुसरे प्रतिपिंड याच्या उलट बाजूला. आयजीई ही दमा आणि ॲलर्जीमुळे आपल्या परिचयाची. तिचे मूळ काम कदाचित कृमींशी असावे असे अनेकांना वाटते, आणि मलाही तसेच वाटते. हे संरक्षण यायला वर्षे लागतात, कारण ज्या प्रथिनांनी ते जागे होते ती मुख्यतः कृमी मरताना बाहेर पडतात, आणि कृमी लवकर मरत नाही. किसुमूच्या त्याच गाडी धुणाऱ्यांना वारंवार औषध देऊन कृमी मारत गेल्यावर त्यांच्यातल्या काहींना पुन्हा संसर्ग व्हायला उत्तरोत्तर अधिक वेळ लागू लागला.

ते औषध प्राझिक्वांटेल, १९७० च्या दशकात जर्मनीत तयार झालेले. किलोमागे चाळीस मिलिग्रॅम, बहुधा एकच मात्रा. ते कृमीला आखडवते आणि त्याचे आवरण फाडते. लपलेली प्रथिने उघडी पडतात आणि मग प्रतिपिंडे काम करतात. प्रतिपिंडे नसलेल्या उंदरांत हे औषध नीट चालत नाही. कोवळ्या कृमींवरही ते फारसे चालत नाही.

त्याआधीच्या औषधाची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. ख्रिस्टोफरसन यांनी १९१८ मध्ये खार्तूममध्ये टार्टर इमेटिक, म्हणजे अँटिमनीचा क्षार, शिरेतून द्यायला सुरुवात केली. कृमी मरत, पण एका रोग्याला डझनावारी इंजेक्शने लागत. इजिप्तच्या सरकारने १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत खेड्याखेड्यांत ही मोहीम राबवली. हेतू अगदी चांगला होता. सुया-सिरिंजा पुन्हा पुन्हा वापरल्या जात आणि त्या नीट निर्जंतुक होत नसत. हेपटायटिस सी या विषाणूचे तेव्हा नावही कोणाला माहीत नव्हते. या मोहिमेमुळेच तो देशभर पसरला असावा, हे २००० मध्ये लॅन्सेटमधल्या अभ्यासाने दाखवून दिले. एक पिढी यकृताच्या एका आजारातून वाचवताना दुसऱ्या आजारात लोटली गेली. इजिप्तने २०१८ पासून कोट्यवधी लोकांची तपासणी करून, मोफत गोळ्या देऊन ती चूक निस्तरायला घेतली, आणि त्या कामाचे कौतुक मी मनापासून करतो.

लस अजून नाही. लसीच्या वाटेवरचे एक काम मात्र सांगण्यासारखे आहे. नेदरलँड्समधल्या लायडेनला सतरा निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम संसर्ग देण्यात आला. दिलेल्या सगळ्या अळ्या नर होत्या. मघाशी सांगितले ते इथे उपयोगी पडले: एका गोगलगायीत एकच मिरॅसिडियम सोडायचे, म्हणजे निघणाऱ्या सगळ्या अळ्या एकाच लिंगाच्या. मादी नाही म्हणून अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत म्हणून यकृताला धोका नाही. हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. आता एखादी लस संसर्ग रोखते का, हे माणसांत थोड्या लोकांवर पाहता येईल.

शेवटी बायकांविषयी. हिमॅटोबियमची अंडी गर्भाशयाच्या मुखात आणि योनीच्या भिंतीतही अडकतात. जखमा होतात, रक्त जाते, वंध्यत्व येते, आणि एचआयव्हीचा धोका वाढतो असेही अनेक अभ्यासांचे म्हणणे आहे. आफ्रिकेतल्या कोट्यवधी बायकांना हे असावे असा अंदाज आहे. दवाखान्यात गेल्यावर त्यांतल्या पुष्कळजणींना लैंगिक संबंधातून होणारा रोग म्हणून परत पाठवले जाते. घरी त्याचे काय पडसाद उमटतात ते इथे बसलेल्या भगिनींना मी वेगळे सांगायला नको. तिने फक्त नदीवर धुणे धुतलेले असते. औषधाने कृमी मरतो, पण पेशींत रुतलेली अंडी आणि त्यांचे वण तसेच राहतात. म्हणून गोळी लहानपणीच, अंडी साचण्याआधी मिळाली पाहिजे. आणि नेमकी इथेच वर्षानुवर्षे उणीव होती. प्राझिक्वांटेलची गोळी मोठी आणि कडू. शाळेत वाटप होते, म्हणून शाळेत न जाणारी तान्ही आणि रांगती मुले सुटत. आईबरोबर पाण्यावर जाणारी मुले तीच. तीन महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाण्यात विरघळणारी, कमी कडू गोळी आता तयार झाली आहे. २०२४ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यताप्राप्त औषधांच्या यादीत घेतले. ती व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या आणि सेनेगलच्या खोऱ्यातल्या दवाखान्यांत किती लवकर पोचते, यावर आज जन्मलेल्या मुलींचे पुढचे आयुष्य ठरणार आहे. तिथे काम करणाऱ्या परिचारिका आणि आरोग्यसेवक त्या कामाला लागलेले आहेत.